बिनवायरीचं चार्जिंग नक्की कोणासाठी? मोबाइल कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात मोबाइल फोन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्या
(प्रत: ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली)

स. न. वि. वि.

मी मालवणात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. २००४ साली सुरू केलं. सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाईक विचारायचं, "जाडी पिन की बारीक पिन?" नोकियाच्या दोन पिना ठाऊक असल्या की माणूस या धंद्यात हुशार समजला जायचा. मग मायक्रो यूएसबी आली, मग टाइप-सी आली. या वीसेक वर्षांत फोनच्या बुडाशी असलेल्या त्या एका भोकावर माझं घर चाललं असं म्हटलं तरी चालेल. डिस्प्ले, म्हणजे आमच्या भाषेत फोल्डर, त्याचे पैसे जास्त मिळतात, पण रोज काउंटरवर येणारी तक्रार एकच असते: "चार्जिंग घेत नाय."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे मागणार आहे त्याने माझंच काम कमी होणार आहे.

पत्राचं निमित्त असं. काही दिवसांपूर्वी तुमच्यापैकी एका कंपनीच्या माणसांनी कुडाळला दुकानदारांची बैठक घेतली. नवं मॉडेल दाखवलं. नाव तेच, आकडा एकाने वाढवलेला, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाढवलेले, पाठीवर नवा रंग. जुन्या मॉडेलमध्ये वायरलेस चार्जिंग होतं, म्हणजे पिन न खोचता फोन नुसता चार्जरच्या चकतीवर ठेवायचा. नव्यात ते काढलेलं. मी उठून विचारलं, काढलं का? प्रतिनिधी मुलगा चांगला होता, नम्र होता. म्हणाला, "सर, तुमच्या भागात त्याला डिमांड नाही. ते मेट्रोचं फीचर आहे." मग चहा आला, बटाटेवडे आले आणि बैठक संपली. मीही वडा खाल्ला आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं मला तेव्हापासून बोचतंय.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे सांगायला पाठवलं ते त्याने सांगितलं. माझा प्रश्न त्याला पाठवणाऱ्यांना आहे.

खरं सांगायचं तर मी स्वतः वायरलेस चार्जिंगची कित्येक वर्षं टिंगल केली आहे. पुण्या-मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या पाहुण्यांकडे त्या गोल चकत्या पहिल्यांदा दिसायला लागल्या तेव्हा मी म्हणायचो, वायर तर आहेच की, फोनला नाही तर चकतीला! दोन सेकंदांत पिन खोचायचा ज्यांना कंटाळा, त्यांचे हे चोचले. त्यातला अर्धा भाग मी आजही मागे घेत नाही. धडधाकट माणूस, कोरडं घर, बरी केबल, एवढं असेल तर केवळ या सोयीसाठी चार-पाच हजार जास्त मोजू नका, असं मी माझ्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. फोन चकतीवर ठेवला की हातात धरून बोलता येत नाही, आडवं पडून बघता येत नाही. चार्जिंग हळू होतं. फोन तापतो. रात्री उठून वेळ बघितली आणि परत ठेवताना बोटभर सरकला, तर सकाळी बॅटरी रात्री होती तिथेच.

मग मी बदललो कुठे? दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण माझ्या घरातच आहे. आई पंचाहत्तरीला आली. बोटं संधिवाताने वाकडी झालीत आणि हात थोडा थरथरतो. बहीण लग्नानंतर मस्कतला, त्यामुळे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरलेला. आईला फोन उचलता येतो, मोठं हिरवं बटण दाबता येतं, पण ती पिन त्या भोकात घालता येत नाही. ती बाजूने घुसवायची, जोर लावायची. दोन वर्षांत तिच्या फोनचा चार्जिंग जॅक मी तीनदा बदलला. दुकानदाराची आई म्हणून फुकटात. दुसऱ्या कुणाची आई असती तर? शेवटी एका पाहुण्याने विकलेला जुना फोन, ज्यात वायरलेस होतं, तो तिला दिला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चकती चिकटवली. आईने दोन दिवस संशयाने बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्या बरा हा. भोक शोधूक नको." त्यानंतर त्या फोनचा जॅक मी उघडलेला नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे आमचा पाऊस.

तुमच्या कार्यालयांत वातानुकूलन यंत्रं चालतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथे कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. वाऱ्यात मीठ असतं. अशा हवेत फोन खिशात, पिशवीत, बर्फाच्या पाण्याने ओल्या हातात फिरतो. बंदरावर मासे विकणाऱ्या बाईचा हात दिवसभर ओला असतो आणि आता पैसे फोनवर येतात, म्हणजे फोन सारखा हातात. होडीवर जाणारे फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावतात. पिशवीच्या आत घाम धरतो तो वेगळाच.

टाइप-सीच्या भोकात मधे एक पातळ जीभ असते. तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून चोवीस बारीक पट्ट्या. त्यातल्या काहींवरून बॅटरीकडे जाणारा मुख्य प्रवाह जातो. तिथे खारट ओल असताना केबल लावली की पट्टीवरचा मुलामा खाल्ला जायला लागतो. पितळेच्या भांड्यात सोलकढी ठेवली तर ती जशी कळकते, तसंच. पहिल्यांदा काळा ठिपका, मग हिरवट साय, मग पट्टी नाहीशी. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मला ते रोज दिसतं. मागच्या पावसात एक होडीवाला आला आणि म्हणाला, "रात्री लावन ठेवलंय, सकाळी बघतंय तर एक टक्को पण वाढूक नाय." त्याच्या जॅकात वाळूचे दोन कण, माशाचं एक खवलं आणि चोवीसपैकी तीन पट्ट्या गायब. खवलं मी त्याला चिमट्यात धरून दाखवलं. दोघंही हसलो. पण नवा जॅक बसेपर्यंत त्याचा तो दिवस फोनविना गेला.

टाइप-सीचा जॅक दहा हजार वेळा घालण्या-काढण्याइतका टिकाऊ असावा असं त्याच्या मानकात आहे. दिवसाला दोनदा लावला तर तेरा-चौदा वर्षं. म्हणजे कागदावर माझं दुकान बंद व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण जॅक झिजून मरत नाही, तो ओलीने, मिठाने, खिशातल्या कापसाने आणि वाकड्या स्वस्त पिनांनी मरतो. तुमच्या प्रयोगशाळेत जॅक मोजून घालतात-काढतात, आमच्याकडे तो भिजतो.

(ओला फोन तांदळात ठेवणाऱ्यांना जाता जाता: नका ठेवू. तांदळाची पूड आणि कण्या जॅकात जातात आणि त्या मलाच टोकरून काढाव्या लागतात.)

आता गंमत बघा. महागड्या फोनच्या जॅकात पाणी गेलं की पडद्यावर इशारा येतो, केबल लावू नका, सुकू द्या. तोवर काय करायचं? ॲपल आणि सॅमसंग दोघांच्याही सूचनांत याचं उत्तर आहे: घाई असेल तर पाठ कोरडी पुसून फोन वायरलेस चार्जरवर ठेवा. म्हणजे ओल्या जॅकावरचा उपाय वायरलेस आहे, हे तुम्हीच लिहून ठेवलंय. आणि जिथे वर्षाचे चार महिने जॅक ओला असतो, तिथे येऊन तुमचा माणूस सांगतो की या भागात त्याला डिमांड नाही. जे परवडणाऱ्या किमतीत क्वचितच आलं, त्याची मागणी गिऱ्हाईक कशी करणार? त्याला तर हे आपल्या फोनात असू शकतं हेच माहीत नसतं.

हे काही नवं, गूढ तंत्र नाही. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे. रस्त्याकडेच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, हेच चालतं: एका गुंडाळीतला प्रवाह बदलतो आणि न चिकटलेल्या दुसऱ्या गुंडाळीत प्रवाह निर्माण होतो. तिथे सेकंदाला पन्नास वेळा, चकतीत एक लाखाहून जास्त वेळा. एवढाच फरक. वायरलेस चार्जिंगचं 'ची' (Qi) नावाचं मानक करणारा कंपन्यांचा गट २००८ मध्ये स्थापन झाला. नोकियाने २०१२ मध्ये, सॅमसंगने २०१५ मध्ये, ॲपलने २०१७ मध्ये ही सोय फोनच्या आत बसवून दिली. २०२४ मध्ये इन्फिनिक्सने सुमारे २२ हजारांच्या फोनमध्ये, लोहचुंबकासकट, दिली. म्हणजे जमतं. फोनच्या आत लागते ती कागदाइतकी पातळ गुंडाळी, तिच्यासाठी एक चिप आणि पाठ काचेची किंवा प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकची पाठ स्वस्त फोनांना तशीही असतेच.

आता माझ्या तक्रारी. क्रमाने मांडतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार आकड्यांची. तुमच्या खोक्यावर लिहिलेलं असतं '५० वॅट वायरलेस'. त्याच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, की तो वेग फक्त आमच्याच कंपनीच्या, वेगळ्या विकत घ्यायच्या, पंखा असलेल्या चकतीवर मिळेल. साध्या 'ची' चकतीवर तोच फोन पाच, फार तर पंधरा वॅटवर येतो. त्यात चकतीच्या खोक्यात अडॅप्टर नसतो आणि २०२० नंतर बऱ्याच फोनांच्या खोक्यातूनही तो गेला. गिऱ्हाईक घरातला जुना पाच वॅटचा अडॅप्टर लावतं आणि चकतीला पुरेशी वीजच मिळत नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणतं, चकती खराब आहे. चकती बरी असते हो, खोक्यावर पूर्ण माहिती नसते. पंधरा वॅट हवे असतील तर वीस वॅटचा अडॅप्टर लागतो, हे एक वाक्य मोठ्या अक्षरात छापायला किती शाई लागते?

याच रांगेतला एक शब्द म्हणजे 'रेडी'. नव्या 'ची-टू' मानकात फोनच्या पाठीत लोहचुंबकांचं कडं असतं. त्यामुळे फोन चकतीवर आपोआप मधोमध बसतो आणि सरकण्याचा त्रास जातो. २०२३ च्या जानेवारीत हे मानक जाहीर झालं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी सुधारणा हीच आहे. पण काही फोनांवर 'ची-टू रेडी' असं लिहितात, म्हणजे फोनात चुंबक नाही, चुंबक असलेलं कव्हर तुम्ही वेगळं घ्या. जेवायला बोलवून 'ताट रेडी आहे, भात तेवढा घरून आणा' म्हणण्यासारखं झालं हे.

दुसरी तक्रार उष्णतेची. इथे मला तुमच्यापेक्षा तुमच्या जाहिरातींचा राग जास्त येतो. हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. केबलने ती भरायला भिंतीतून साधारण २४ वॅट-तास जातात असं धरा, तर चकतीवर नीट मधोमध ठेवून ३३ च्या आसपास. फोन सरकला, कव्हर जाड असलं तर आणखी. म्हणजे दिवसाला ९ वॅट-तास वाया. वर्षाचे सव्वातीन युनिट. दहा रुपयांनी युनिट धरलं तरी बत्तीस-तेहतीस रुपये. दोन वडापाव. त्यामुळे 'वायरलेसने वीजबिल वाढतं' असं कुणी म्हणालं की मी त्याला थांबवतो. एका घरापुरतं ते काही नाही. (एक कोटी फोन रोज असे चकतीवर गेले तर मात्र वर्षाला सव्वातीन कोटी युनिट होतात. तो हिशेब सरकारने करावा, म्हणून वरची प्रत.) मुद्दा वेगळा आहे: वाया गेलेल्या त्या विजेची उष्णता होते आणि तिच्यातला बराचसा भाग फोनच्या पाठीत, बॅटरीला खेटून होतो. लिथियमची बॅटरी उष्णतेने म्हातारी होते. मे महिन्यात आमच्याकडे घामाच्या धारा, तिकडे चंद्रपूर-नागपूरला पारा पंचेचाळीसच्या वर. अशा दिवसांत चकतीवरचा फोन तापून मधेच चार्जिंग थांबवतो. तो शहाणपणा करतो, पण गिऱ्हाइकाला वाटतं बिघडला. रात्रभर हळू चार्ज कर, ऐंशी टक्क्यांवर थांब, अशी सोय महागड्या फोनात असते. ती सॉफ्टवेअरची गोष्ट आहे. ती सगळ्या स्वस्त फोनांत न देण्याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

वेगाचा हा हट्ट कुणाचा आहे, तेही कळत नाही. आई रात्री नऊला फोन ठेवते, सकाळी सहाला उचलते. नऊ तास आहेत. तिला पाच वॅट पुरतात.

तिसरी तक्रार धोक्याच्या सूचनांची. आमच्याकडे फोनच्या कव्हरमध्ये काय काय असतं ते तुम्हाला माहीत नसावं. दहाची नोट, एटीएम कार्ड, देवाचा फोटो, आधारची छोटी प्रत, कधी जोडव्यासारखी धातूची रिंग, गाडीत फोन चिकटवायची लोखंडी पट्टी. चकती म्हणजे एक प्रकारची इंडक्शन शेगडीच. मधे धातू आला तर तो तापतो. चांगल्या चकत्या तो ओळखून बंद पडतात. बाजारात तीनशेला मिळणाऱ्या सगळ्याच ओळखतात याची खात्री मी देणार नाही. एक चकती मी स्वतः दुकानात लावून बघितली, वर पाच रुपयांचं नाणं ठेवलं आणि थोड्या वेळाने बोट लावलं. पुढचं सांगत नाही. फोन ठेवण्यापूर्वी कव्हरातली पट्टी काढा, हे मराठीत कुठेही लिहिलेलं नसतं. त्याहून गंभीर म्हणजे पेसमेकर. ॲपलच्या सूचनेत आहे की चुंबकवाला फोन आणि चार्जर पेसमेकरपासून पंधरा सेंटिमीटरहून लांब ठेवा, वायरलेस चार्जिंग चालू असताना तीस सेंटिमीटरहून लांब. आमच्या गावातले पेसमेकर बसवलेले किती आजोबा ही सूचना इंग्रजीत शोधून वाचतील? ते फोन सदऱ्याच्या डाव्या खिशातच ठेवतात.

चौथी तक्रार हमीची आणि सुट्या भागांची, आणि इथे मी दुरुस्तीवाला म्हणून बोलतोय. फोनवर 'पाण्यात टिकेल' असा शिक्का असतो, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, आणि पाण्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. हे दोन्ही एकाच खोक्यावर. ते असो. पण निदान जॅक तरी वेगळ्या छोट्या बोर्डावर द्या. काही फोनांत तो सब-बोर्डावर असतो. तो बोर्ड चारशे ते बाराशे रुपयांत अर्ध्या तासात बदलून होतो. काही फोनांत मात्र तुम्ही तो थेट मुख्य बोर्डावर बसवता. मग ब्लोअर मारायचा, शेजारची चिप हलू नये म्हणून टेप लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं. अस्सल भाग तर आमच्यासारख्याला मिळतच नाही. मग बाजारातला डुप्लिकेट लावतो, तो पुढच्या पावसात परत येतो आणि गिऱ्हाईक मला चोर म्हणतं.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग द्यायचे, आणि दुरुस्तीवाल्यांना द्यायच्या त्या भागांच्या यादीत चार्जिंगचा जॅक नावानिशी आहे. तिथे पाऊस आमच्यापेक्षा कमी, मीठ कमी. फोन मात्र त्याच कंपन्यांचे.

इथे एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायची आहे, कारण वरचं वाचून तुमच्यातला एखादा म्हणेल, बघा, लोकांना वायरलेस हवंय, जॅकच काढून टाकू. २०१९ मध्ये दोन चिनी कंपन्यांनी भोकच नसलेले फोन दाखवलेही होते. कृपा करून ते करू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा आमच्याकडे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. दुकानात मी एक छोटा जनरेटर लावला होता. पेट्रोल मोजून. काउंटरवर एका वेळी पंधरा-वीस फोन, वायरींचं नुसतं जाळं, आणि बाहेर रांग. मुंबईला मुलाला 'जिवंत आहे' एवढं सांगायचं म्हणून म्हातारी माणसं चालत आली होती. त्या दिवशी प्रत्येकाला वीस मिनिटं मिळत होती. वीस मिनिटांत केबलने फोन बोलण्याइतका होतो. चकतीवर तो नुसता कोमट झाला असता आणि माझ्या पेट्रोलचा चौथा भाग हवेत गेला असता. एरवीही पावसाळ्यात वीज तासभर येते आणि जाते. त्या तासात केबलच लागते. सौर पट्टीवर, पॉवर बँकेवर, होडीतल्या बॅटरीवर केबलच लागते. मला जॅक हवाच आहे, आणि तो दुरुस्त करता येईल असा हवा आहे. चकती त्याला विसावा द्यायला हवी आहे, त्याची जागा घ्यायला नको.

म्हणून मागण्या अशा:

१. पंधरा ते पंचवीस हजारांच्या फोनांत, प्रत्येक कंपनीने निदान एका मॉडेलमध्ये साधं, हळू, पाच-दहा वॅटचं वायरलेस चार्जिंग द्यावं. पन्नास वॅट नको, पंखा नको. चुंबकाचं कडं दिलंत तर थरथरत्या हातांवर उपकार होतील.

२. एकदा दिलेली सोय पुढच्या मॉडेलमध्ये काढली तर तसं खोक्यावर आणि जाहिरातीत लिहा. आकडा वाढवून वस्तू कमी करणं याला आमच्या बाजारात वेगळा शब्द आहे. तो इथे वापरत नाही.

३. खोक्यावर, मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत, चार ओळी: साध्या 'ची' चकतीवर किती वॅट, त्यासाठी कोणता अडॅप्टर लागेल, कव्हरमध्ये काय ठेवू नये, पेसमेकर असेल तर किती अंतर.

४. चार्जिंग जॅक वेगळ्या बोर्डावर बसवा. तो बोर्ड, वायरलेसची गुंडाळी आणि पाठ, तिन्हींची किंमत संकेतस्थळावर जाहीर करा आणि कुणाही दुरुस्तीवाल्याला सात वर्षं विका.

५. ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची आणि हळू चार्जिंगची सोय सगळ्या फोनांना द्या. फुकट आहे ती.

ग्राहक व्यवहार विभागाला वेगळं सांगायचं ते एवढंच. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलंत, भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक काढलं आणि दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाबद्दल समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्या निर्देशांकात गुण देताना चार्जिंग जॅक बदलायला किती वेळ आणि किती पैसे लागतात, हे धरा. दिल्लीच्या हवेत नव्हे, एकदा जुलैमध्ये किनाऱ्यावर येऊन धरा. आणि तीनशेच्या चकत्यांची एकदा झडती घ्या. नाणं ठेवून बघायचं, एवढी सोपी चाचणी आहे.

तुमच्यापैकी कुणाला 'या भागातली डिमांड' खरोखरच मोजायची असेल तर दुकान बाजारपेठेतच आहे. जून ते सप्टेंबर कधीही या. बाकावर एक दिवस बसा. काढलेले कळकलेले जॅक मी काचेच्या बरणीत टाकतो, गेल्या तीन पावसाळ्यांचे आहेत. बरणी लोणच्याची आहे, मोठी, आणि गळ्यापर्यंत भरत आली आहे.

आपला,
मालवणातला एक मोबाइल दुरुस्तीवाला

ता. क. आईच्या फोनची बॅटरी आता फुगायला लागली आहे. तसाच, म्हणजे वायरलेसवाला आणि तिच्या पेन्शनमध्ये बसणारा, नवा फोन मी शोधतोय. तुमच्या कुणाच्या यादीत असेल तर कळवा. रोख देतो.